मागे घेतलेली पावलं

रग्बीत किक घेणारी खेळाडू आधी छोट्या प्लास्टिकच्या टीवर चेंडू ठेवते. लंबगोल चेंडूचं एक टोक खाली, दुसरं वर. मग चेंडूवरची नजर न काढता ती एकेक पाऊल मागे घेते, थोडी बाजूला सरकते आणि थांबते. चेंडू पुढे, खांबांच्या मधून जायचा असतो. त्यासाठी आधी मागे जावं लागतं.

आज तुम्हालाही तसंच मागे जायचं आहे.

सुरुवात लंडनच्या ट्विकनहॅमपासून. तारीख 27 सप्टेंबर 2025, शनिवार. तुम्ही वरच्या मजल्यावर बसला आहात आणि आजूबाजूला 81,885 माणसं आहेत. महिला रग्बीच्या सामन्याला एवढी गर्दी याआधी कधीच झाली नव्हती. विश्वचषकाची अंतिम फेरी आहे, इंग्लंड विरुद्ध कॅनडा. तुमच्या पुढच्या रांगेतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या गालावर लाल गुलाब रंगवलेला आहे. इंग्लंडच्या संघाला ‘रेड रोझेस’ म्हणतात. समोरच्या कॅनडाच्या संघाने इथवर यायला चक्क लोकवर्गणी काढली होती, हेही लक्षात असू द्या. ऐंशी हजार तिकिटं खपणाऱ्या खेळातही कुणाला तरी अजून झोळी पसरावी लागते.

इंग्लंड 33–13 असं जिंकतं. स्टेडियम उठून उभं राहतं. आता मैदानावर एमिली स्कॅरटला शोधा. सापडणार नाही. ती विश्वचषकाच्या संघात आहे, पण अंतिम सामन्याच्या तेवीस जणींत नाही. इंग्लंडसाठी 119 सामने आणि 754 गुण, हे गुण तिच्या देशाच्या दुसऱ्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त, आणि या दुपारी तिला एकही किक मिळालेली नाही. पुढच्याच महिन्यात ती निवृत्ती जाहीर करेल आणि लफबरोमध्ये प्रशिक्षक म्हणून काम सुरू करेल.

मला ही कारकीर्द याच टोकाकडून बघावीशी वाटते. गर्दीकडून सुरुवात करावी आणि मागे जावं. म्हणजे ही गर्दी कशावर उभी आहे ते पायाखाली जाणवत जातं.

पहिलं पाऊल लहान, पाच आठवड्यांचं. 22 ऑगस्ट 2025, संडरलँड. याच विश्वचषकाचा पहिला सामना, अमेरिकेविरुद्ध. इंग्लंड 69–7 असं जिंकणार आहे, त्यामुळे निकालाची कुणाला काळजी नाही. उत्तरार्धात स्कॅरट बदली खेळाडू म्हणून आत येते आणि टाळ्या वाढतात. पाच विश्वचषकांत खेळलेली ती इंग्लंडची पहिली खेळाडू आहे, पुरुष आणि महिला दोन्ही धरून. 2010, 2014, 2017, 2022 आणि आता हा. वय पस्तीस. तिच्या मानेकडे पाहा. 2023 मध्ये त्या मानेच्या मणक्यातली चकती सरकली होती आणि शस्त्रक्रिया करावी लागली होती. रग्बीत खांद्याला खांदा आणि डोक्याला डोकं लागतं. मानेची शस्त्रक्रिया झाली की काहींचं खेळणं तिथेच थांबतं. त्याआधी 2021 मध्ये पाय मोडला होता. आकड्यांच्या तक्त्यात हे महिने दिसत नाहीत. घरचा सोफा, फिजिओचं टेबल, रबरी पट्टे ताणायचे तास, हे सगळं दोन सामन्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे.

आता मोठं पाऊल. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला.

ऑकलंडचं ईडन पार्क, 12 नोव्हेंबर 2022 ची रात्र. 42,579 प्रेक्षक, आणि जवळजवळ सगळे काळ्या जर्सीच्या बाजूचे. न्यूझीलंडच्या खेळाडू ‘हाका’ हे पारंपरिक नृत्य करतात तेव्हा त्यांचे पाय एकाच वेळी जमिनीवर आदळतात. इंग्लंड सलग तीस कसोटी जिंकून इथे आलं आहे. कोविडमुळे ही स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली गेली होती, तिचं अधिकृत नाव अजूनही 2021 चा विश्वचषक असंच आहे. म्हणजे इंग्लंडच्या मुलींनी या रात्रीची वाट एक वर्ष जास्त पाहिली आहे.

इथे थोडं थांबा, कारण हा सामना नीट कळायला किकचा हिशेब माहीत हवा. विरोधकांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. त्यानंतर खांबांच्या मधून किक मारायची संधी मिळते, ते कन्व्हर्जन, त्याचे दोन. पण ही किक कुठूनही घेता येत नाही. चेंडू जिथे टेकवला त्या बिंदूच्या सरळ रेषेत मागे यायचं आणि त्याच रेषेवरून मारायची. ट्राय खांबांच्या मधोमध झाला तर किक सोपी. मैदानाच्या कडेला झाला तर खांब तिरके, एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

इंग्लंडचं त्या रात्रीचं सगळ्यात मोठं हत्यार होतं मॉल. कडेच्या लाइनआउटमधून, म्हणजे कडेवरून आत फेकला जाणारा, चेंडू घ्यायचा, आठ जणींनी एकमेकींना घट्ट धरायचं आणि मुंग्यांनी साखरेचा खडा ढकलावा तसं रेषेपलीकडे ढकलत न्यायचं. लाइनआउट कडेलाच असतो, म्हणून मॉलचे ट्रायही बहुधा कडेलाच होतात. एमी कोकेनचे या सामन्यात तीन ट्राय. आणि दर वेळी सगळ्या जणी मिठ्या मारून परत फिरल्या की एकटी स्कॅरट टी हातात घेऊन कडेला चालत जाते.

तिच्या मागे जाऊन उभे राहा. इथून ईडन पार्क दिसतं तसं टीव्हीवर कधी दिसत नाही. खांबांमधली जागा घराच्या दरवाजाएवढी वाटते. पायाखालचं गवत बुटांच्या खिळ्यांनी उखडलेलं आहे. ती वाकते, टी दाबून बसवते, चेंडूची शिवण नीट करते. मागे पाऊल, मागे पाऊल, बाजूला. एक श्वास. बाकीच्या एकोणतीस जणी ज्याच्यासाठी तासभर एकमेकींच्या अंगावर आदळत असतात, त्याचा शेवटचा भाग एकटीने करायचा असतो, आणि तोही पूर्ण स्तब्ध उभं राहून. या खेळातला हा सगळ्यात विलक्षण क्षण आहे असं मला वाटतं.

सतराव्या-अठराव्या मिनिटाला इंग्लंडच्या लिडिया थॉम्पसनची न्यूझीलंडच्या पोर्शिया वूडमनशी डोक्याला डोकं लागून टक्कर होते आणि तिला लाल कार्ड मिळतं. उरलेला तासभर चौदा जणींनी पंधरा जणींशी खेळायचं. तरी मध्यंतराला इंग्लंड 26–19 असं पुढे आहे. चार ट्राय आणि स्कॅरटची तीन कन्व्हर्जन्स. उत्तरार्धात इंग्लंडचा पाचवा ट्राय होतो, पण त्याचं कन्व्हर्जन होत नाही. न्यूझीलंड 34, इंग्लंड 31. शेवटच्या मिनिटाला इंग्लंडला न्यूझीलंडच्या गोलरेषेजवळ लाइनआउट मिळतो, पुन्हा तेच मॉलचं हत्यार, सगळ्या स्टेडियमला ठाऊक आहे आता काय होणार. आणि न्यूझीलंडची जोआना एंगन-वू उडी मारून तो चेंडू हवेतच पळवते. संपलं.

इंग्लंडचे पाच ट्राय, त्यांपैकी दोन कन्व्हर्जनविना. अंतर तीन गुणांचं. कागदावर ही वजाबाकी कुणीही करू शकतं आणि त्या रात्री बऱ्याच जणांनी केलीही असेल. पण तुम्ही आत्ता तिच्या मागे उभं राहून खांब किती अरुंद दिसतात ते पाहिलंत. चौदा जणींनी तासभर खेळून अंतर तीनवर रोखलं होतं. ही हार एखाद्या किकच्या खात्यात टाकणं अन्यायाचं आहे.

चला, मागे. 2019.

जानेवारीत इंग्लंडच्या रग्बी संघटनेने 28 जणींना पूर्ण वेळचे करार दिले. पंधरा जणींच्या रग्बीत पूर्ण वेळ पगारी असा जगातला पहिला महिला संघ. स्कॅरट त्या वर्षी जागतिक रग्बी संघटनेची वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. आधी पगार, मग सर्वोत्तम: हा क्रम निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये, तुम्हाला चालणार असेल तर, एक पाऊल फिलिपिन्समध्ये ठेवू. भारताच्या महिलांनी पंधरा जणींचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 2018 मध्ये सिंगापूरला खेळला, पुण्याच्या वहबिज भरुचाच्या नेतृत्वाखाली. आता वर्षभरानंतर पुन्हा समोर सिंगापूरच आहे. सामना संपत आलेला, भारत मागे. पेनल्टी मिळते. ओडिशाची सुमित्रा नायक चेंडू ठेवते आणि मागे पावलं घेते. चेंडू खांबांमधून जातो. 21–19. भारताच्या महिलांचा पंधरा जणींच्या रग्बीतला पहिलावहिला विजय. पुण्यात रग्बी म्हटलं की आजही बऱ्याच जणांना आधी समजावून सांगावं लागतं, पण या विजयाच्या मागे त्या शहरातल्या मैदानांवर गाळलेला घामही आहे. इंग्लंडमधल्या पगारी किकमध्ये आणि या किकमध्ये काय फरक आहे? टी तीच, खांब तेच, श्वास तोच. फक्त एकीला सोमवारपासून सरावाचे पैसे मिळतात.

आणि हे पगारी खेळणं इंग्लंडमध्येही किती नाजूक होतं ते दोनच वर्षं मागे गेलं की दिसतं. बेलफास्ट, 26 ऑगस्ट 2017. पुन्हा विश्वचषकाची अंतिम फेरी, पुन्हा न्यूझीलंड. मध्यंतराला इंग्लंड 17–10 ने पुढे. शेवटी 41–32 ने मागे. न्यूझीलंडच्या टोका नटुआचे तीन ट्राय. इंग्लंडच्या मुली मैदानात बसल्या आहेत, आणि त्यांना हे माहीत आहे की या स्पर्धेनंतर त्यांचे पंधराच्या खेळाचे करार पुढे चालू राहणार नाहीत, पैसा सात जणींच्या रग्बीकडे वळणार आहे. जगज्जेता संघ म्हणून आलेल्या बायका विश्वचषकाची अंतिम फेरी खेळतानाही नोकरी जाण्याच्या बेतात होत्या. पुरुषांच्या संघाच्या बाबतीत हे वाक्य लिहून पाहा, विश्वास बसणार नाही.

2016 ला फार थांबायचं कारण नाही. रिओ, ऑलिंपिकमध्ये महिला रग्बी पहिल्यांदाच, तेही सात-सात जणींचं. ब्रिटनची कर्णधार स्कॅरट. उपांत्य फेरीत न्यूझीलंडकडून हार, कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाकडून 33–10 अशी हार. चौथा क्रमांक. चौथ्या क्रमांकाला पदक नसतं आणि त्यावर बोलण्यासारखंही फारसं काही नसतं.

पॅरिस मात्र वेगळं. 17 ऑगस्ट 2014, रविवार, स्टाद जाँ-बुएँ. इथे बसा आणि शेवटपर्यंत बसून राहा.

इंग्लंडने आजवर एकदाच विश्वचषक जिंकला आहे, 1994 मध्ये. त्यानंतर 2002, 2006, 2010, तीन अंतिम फेऱ्या आणि तिन्ही न्यूझीलंडकडून गमावलेल्या. या वेळी आयर्लंडने गटातच न्यूझीलंडला 17–14 ने हरवलं आहे आणि समोर कॅनडा आहे. मैदानावरच्या पांढऱ्या जर्सींमधल्या बायका सोमवारी सकाळी काय करतात ते बघा. कर्णधार केटी मॅक्लीन प्राथमिक शाळेत शिकवते. सोफी हेमिंग गुरांची डॉक्टर आहे. स्कॅरटनेही शाळेत मुलांचा खेळाचा तास घेतला आहे. विश्वचषकाची अंतिम फेरी खेळायला या बायकांनी सुट्ट्या साठवल्या आहेत.

स्कॅरट आज सेंटरला, तेरा नंबरची जर्सी. आधी दोन पेनल्टी, प्रत्येकी तीन गुण. मग डॅनिएल वॉटरमनचा ट्राय. मध्यंतराला 11–3. नंतर कॅनडाची मॅगाली हार्वी पेनल्टीमागून पेनल्टी मारत येते. 11–6. 11–9. तुमच्या शेजारी बसलेल्या बाईने ओठांवर मूठ दाबली आहे. वीस वर्षं. अजून एकदा? स्कॅरटला पेनल्टी मिळते. टी, चेंडू, मागे पाऊल, मागे पाऊल. 14–9.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला तिच्या हातात चेंडू येतो. या वेळी टी नाही, मागे पावलं नाहीत. बचावातली फट हेरून ती आत घुसते, अंगावर आलेल्यांना मागे टाकते आणि चेंडूसकट रेषेपलीकडे जमिनीवर पडते. मग उठते, कपडे झटकते आणि स्वतःच्याच ट्रायचं कन्व्हर्जन स्वतः मारते. 21–9. एकवीसपैकी सोळा गुण एकटीचे. अख्ख्या स्पर्धेत सत्तर.

चोवीस वर्षांची आहे ती. वरून, 2025 मधून आलेल्या तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक आहे: बेलफास्ट, ऑकलंड, मान, आणि अकरा वर्षांनी परत येणारा चषक. तिला यातलं काही ठाऊक नाही. ती फक्त हसते आहे.

2010, लंडनचं ट्विकनहॅम स्टूप, विश्वचषकाची अंतिम फेरी. हे ते मोठं ट्विकनहॅम नव्हे, रस्त्यापलीकडचं लहान मैदान. तेरा हजारांवर प्रेक्षक, आणि त्या काळी हीच मोठी बातमी. न्यूझीलंडच्या तीन खेळाडू वेगवेगळ्या वेळी पिवळं कार्ड मिळून दहा-दहा मिनिटं बाहेर बसल्या, तरी 13–10 ने त्याच जिंकल्या. त्यांच्या केली ब्रेझिअरची पेनल्टी निर्णायक ठरली. वीस वर्षांची स्कॅरट मैदानात आहे आणि एका किकने विश्वचषक कसा जातो ते अगदी जवळून बघते आहे.

2008. अठरा वर्षांची, इंग्लंडकडून पहिला सामना, अमेरिकेविरुद्ध. पहिल्या बारा सामन्यांत बारा ट्राय. या वर्षात तुम्हाला रांग लावावी लागत नाही. महिलांच्या कसोटीला तेव्हा प्रेक्षक म्हणजे मुख्यतः आई-वडील, भावंडं आणि क्लबमधले लोक. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, तिला बास्केटबॉलसाठी अमेरिकेतली शिष्यवृत्ती मिळत होती. तिने ती नाकारली. रग्बीत बायकांना पगार नव्हता, तरी तिने रग्बी निवडली. इतकी वर्षं मागे येऊन बघितल्यावर या निर्णयासमोर मी नेहमी थांबते. सोळाव्या वर्षी आपण काय निवडतो ते आपल्याला कितीसं कळत असतं?

आणखी मागे, तिच्या आठवणीच्याही पलीकडे. कार्डिफ, एप्रिल 1991. ती तेव्हा चौदा महिन्यांची.

हा महिलांचा पहिला विश्वचषक. आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नाही, पैसे नाहीत. रिचमंड क्लबच्या चार बायकांनी तो उभा केला: डेबरा ग्रिफिन, स्यू डॉरिंग्टन, अ‍ॅलिस कूपर आणि मेरी फॉरसाइथ. नोकऱ्या सांभाळून, फोन करून, पत्रं लिहून. बारा देशांचे संघ आले. सोव्हिएत संघाकडे तर परकीय चलन जवळपास नव्हतंच. त्या मुली व्होडका आणि लाकडी बाहुल्या घेऊन आल्या, इथे विकून खर्च भागवायचा म्हणून. कार्डिफच्या रस्त्यावर थांबा आणि हातातली ती बाहुली बघा. एकात एक, एकात एक, बाहेरची उघडली की आतली. रंग चकचकीत. त्या बाहुलीवर संघाचं जेवण अवलंबून आहे. विश्वचषकाची पहिली आर्थिक तरतूद तुमच्या तळहातावर मावते.

अंतिम सामना 14 एप्रिलला, कार्डिफ आर्म्स पार्कवर. आयोजक स्यू डॉरिंग्टन आज इंग्लंडकडून हूकर म्हणून स्क्रमच्या मधोमध आहे. आठवडाभर सगळ्यांच्या राहण्या-जेवण्याची चिंता केली आणि आता स्वतः खेळायचं आहे. ट्रायला तेव्हा चारच गुण. इंग्लंडचे सहा गुण एका पेनल्टी ट्रायचे आणि गिल बर्न्सच्या कन्व्हर्जनचे. अमेरिका 19–6 ने जिंकते. काही हजार प्रेक्षक घरी जायला निघतात. डेबरा ग्रिफिन त्या संध्याकाळी किती दमली असेल! चौतीस वर्षांनी, 2025 मध्ये, ती इंग्लंडच्या रग्बी संघटनेची पहिली महिला अध्यक्ष होईल, त्याच वर्षी ज्या वर्षी 81,885 माणसं ट्विकनहॅमला आलेली तुम्ही पाहिलीत.

आता फक्त थोडं पुढे यायचं आहे, चार-पाच वर्षं. लेस्टर फॉरेस्ट रग्बी क्लब, लेस्टरशायर. साधं क्लबचं मैदान, कडेला उभे पालक, थर्मासमधला चहा. पाच वर्षांची एमिली इथे खेळायला आली आहे. बहुतेक मुलगे, त्यात ती. साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलं-मुली एकत्र खेळतात, मग मुलींना वेगळा संघ शोधावा लागतो.

एवढ्या लहान मुलांच्या रग्बीत खांबांवर किक मारायची नसते. टी नाही, कन्व्हर्जन नाही, मागे घ्यायची पावलं नाहीत. लहान आकाराचा चेंडू असतो आणि तो दोन्ही हातांनी छातीशी धरून रेषेपर्यंत पळायचं असतं, एवढाच खेळ.

कुणीतरी चेंडू टाकतं. तो जमिनीवर पडून वेडावाकडा उसळतो, लंबगोल चेंडू उसळतो तसा, आणि पोरं त्याच्यामागे धावत सुटतात.